क्लीव्हलंड, दोनचा आकडा

गेल्या सप्टेंबरात एका शनिवारी सकाळी मी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडहून दोन तास गाडी चालवत एक जुनं इंजिन बघायला गेले. मला ते विकत घ्यायचं नव्हतं. ते माझ्या भावाचं आहे का, एवढंच बघायचं होतं.

दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मी नागपूरहून ह्यूस्टनला मास्टर्ससाठी आले तेव्हा तो इथे तेलाच्या पंपांची डिझाइनं करणाऱ्या एका फर्ममध्ये नोकरीला होता. पहिली चार-पाच वर्षं मी त्याच्याच अपार्टमेंटमध्ये राहिले. बेडरूम त्यानं मला दिली आणि स्वतः हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचा. आई फोनवर त्याच्या लग्नाचं विचारायची, तर तो मला पुढे करायचा, "हिचं शिक्षण होऊ दे आधी." माझं शिक्षण संपलं, नोकरी लागली, तरी तो सोफ्यावरच होता.

मी आल्यावर वर्षभरात त्यानं एक बंद पडलेली गाडी आणली. एकाहत्तर सालची, दोन दारांची, लांबलचक नाकाची. रंग कधीकाळी पिवळा असावा. मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं इंजिन बसवायचं असा तो काळ होता, आणि तसल्या गाड्यांना इथे मसल कार म्हणतात हे मला तेव्हा त्याच्याकडूनच कळलं. ज्यानं ती विकली तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "क्लीव्हलंड आहे. चारवालं."

त्याचा अर्थ दादानं मला अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, बॉनेट उघडून, भर उन्हात समजावला. त्याची शिकवायची पद्धत अशी की तो काही सांगायचाच नाही, विचारत राहायचा.

"हा रेडिएटरचा वरचा पाइप. इंजिनात कुठे शिरतो?"

"वरून. सरळ खाली."

"मग हे क्लीव्हलंड. विंडसर असतं तर पाइप समोरून, आडवा शिरला असता. आता व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट मोज."

मी मोजले. एका बाजूला आठ होते. विंडसरला सहा असतात.

एकाच कंपनीनं एकाच मापाचं इंजिन, तीनशे एक्कावन्न घनइंचांचं, दोन गावांत ओतलं होतं. एक कॅनडातल्या विंडसरला आणि एक ओहायोतल्या क्लीव्हलंडला. विकताना आकडा तोच सांगायचे, पण आतून दोन्ही वेगळी. लोक त्यांना गावाच्या नावानंच ओळखू लागले. त्यात पुन्हा क्लीव्हलंडचे दोन प्रकार: दोन तोंडांच्या कार्ब्युरेटरचं साधं आणि चार तोंडांचं दमदार. चारवाल्याचे व्हॉल्व्ह मोठे, हवा जायच्या वाटा मोठ्या. ते मिळावं म्हणून लोक जिवाचं रान करतात. कार्ब्युरेटर कुणीही बदलू शकतो, त्यामुळे त्यावर विश्वास ठेवायचा नाही. खरं काय ते हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, कोपऱ्यात असतं. तिथे ओततानाच एक आकडा उठवलेला असतो, दोन किंवा चार.

दादानं चिंधीनं तो कोपरा पुसला. मी वाकून बघितलं.

"दोन आहे," मी म्हणाले.

त्यानं पुन्हा पुसलं, जणू पुसल्यानं दोनाचे चार होतील. मग तो फुटपाथच्या कडेवर बसला. मला वाटलं आता चिडणार. पण जरा वेळानं उठला आणि म्हणाला, "दोन तर दोन. आपल्याला काय शर्यत लावायची आहे?"

त्यानंतरच्या अडीच वर्षांचे शनिवार-रविवार त्या इंजिनाचे होते. त्यानं ते पूर्ण उघडलं. मी पाने हातात देत असे. अर्धा इंच मागितला की अर्धा, नऊ-सोळा मागितला की नऊ-सोळा. सुरुवातीला चुकायचे, मग त्याचा हात मागे आला की न बघता योग्य तो पाना त्यावर ठेवायला लागले. आम्ही फारसं बोलत नसू. दुपारी पोळीचा रोल करून, तेलकट हातांना लागू नये म्हणून फॉइलमध्ये गुंडाळून, मी तो त्याच्या तोंडापुढे धरायचे. माझ्या आयुष्यात मी कुणाबरोबर इतकी गप्प आणि इतकी सुखात कधी बसले नाही. माझ्या नवऱ्याला मी हे सांगितलेलं आहे आणि तो समजूतदार माणूस आहे.

गाडी सुरू झाली त्या दिवशी आम्ही गॅल्व्हेस्टनला समुद्रावर जाऊन आलो. खिडक्या खाली, आत गरम वारा, आणि आवाज इतका की बोलायचं तर ओरडावं लागायचं. परत येताना दादा ओरडून म्हणाला, "आईला यात बसवायला पाहिजे!"

पुढच्या हिवाळ्यात आईला पक्षाघाताचा झटका आला. दादा सहा आठवड्यांची रजा काढून नागपूरला गेला. जाताना मला म्हणाला, "दर रविवारी पंधरा मिनिटं सुरू ठेव. नाहीतर बॅटरी जाईल."

सहा आठवड्यांचे सहा महिने झाले, मग वर्ष. आईची एक बाजू गेली होती, बाबा एकटे पडले होते. दादानं इथली नोकरी सोडल्याचं पत्र तिथूनच पाठवलं आणि तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागला. इकडे माझं लग्न ठरलं. अपार्टमेंट सोडायचं होतं. पार्किंगमधली गाडी हलवा, नाहीतर आम्ही उचलून नेऊ, अशी दोन पत्रं कॉम्प्लेक्सच्या ऑफिसकडून आली. एका गुरुवारी ट्रेलर घेऊन एक माणूस आला आणि मी सह्या करून गाडी त्याला विकून टाकली. ट्रेलरवर चढवताना तिचं पुढचं चाक एकदा घसरलं. मी घरात निघून गेले.

दादाला मी दोन महिन्यांनी सांगितलं. फोनवर तो म्हणाला, "बरं केलंस." आणि विचारलं, "तिकडे थंडी आहे का?"

त्यानंतर भांडण नाही, अबोला नाही. दर आठवड्याचे फोन महिन्यावर गेले, मग सणावारांवर. आई गेली, बाबा गेले. दादानं उशिरा लग्न केलं. वहिनी फार गोड आहे. आम्ही दोन-तीन वर्षांनी नागपूरला जातो. दादा विमानतळावर न्यायला येतो, बॅगा उचलू देत नाही, माझ्यासाठी आठवणीनं संत्र्याची बर्फी आणून ठेवतो. सगळं करतो. पण गाडीचं, इंजिनाचं एक अक्षर नाही. मी एकदा विषय काढला तर तो उठून गच्चीवरची टाकी बघायला गेला.

मी मात्र जाहिराती बघायला लागले. कधीपासून ते नक्की सांगता येणार नाही. मुलगी कॉलेजला गेल्यावर घर शांत झालं, तेव्हापासून असेल. जुने सुटे भाग विकणाऱ्या साइटवर ह्यूस्टनच्या आसपासचं 'क्लीव्हलंड' शोधायचं. फोटो मोठा करून पाइप बघायचा, बोल्ट मोजायचे. बहुतेक वेळा विकणाऱ्यानं क्लीव्हलंड म्हटलेलं असायचं आणि फोटोत विंडसर असायचं. तेवढं कळल्याचाही मला आनंद व्हायचा.

सप्टेंबरातल्या त्या जाहिरातीत इंजिन खरंच क्लीव्हलंड होतं. एकाहत्तर सालच्या गाडीतून काढलेलं. आणि मालकानं लिहिलं होतं की गाडी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येकडून आली, म्हणजे आमचं अपार्टमेंट होतं त्याच भागातून. पुढे लिहिलं होतं, 'चारवालं'. हेडचा कोपरा मात्र फोटोत नव्हता.

"यार, दोन तास ड्राइव्ह करून गंजकं इंजिन बघायला?" नवरा म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मी येऊ का?"

"नको," मी म्हणाले.

व्हिक्टोरियाच्या अलीकडे, कापसाच्या शेतांमधून आत गेल्यावर ते घर होतं. मालक पंचाहत्तरीच्या पुढचे, उंच, किंचित वाकलेले गृहस्थ. घर रिकामं करून मुलीकडे ओक्लाहोमाला राहायला चालले होते. अंगणात खोक्यांची रांग लागली होती. एक भारतीय बाई एकटीच इंजिन बघायला आली याचं त्यांना आश्चर्य वाटलं असेल, पण त्यांनी ते दाखवलं नाही. "या, मॅम," म्हणाले आणि मागच्या शेडमध्ये घेऊन गेले.

इंजिन लाकडी फळ्यांवर ठेवलेलं होतं. वर ताडपत्री. त्यांनी ती ओढली.

मी पाइपाचं तोंड बघितलं, सरळ वर उघडणारं. कव्हरचे बोल्ट मोजले, आठ.

"चारवालं आहे," ते अभिमानानं म्हणाले. "मी काही कोपरा खरवडून पाहिला नाही, पण ज्यानं दिलं तो खोटं बोलणारा माणूस नव्हता."

"आपण बघू या का?"

त्यांनी तारेचा ब्रश आणि एक स्प्रे आणून दिला. कोपऱ्यावर काळ्या ग्रीसचा थर होता. मी घासायला लागले. ते टॉर्च धरून उभे. मजा अशी की त्यांना चार हवा होता आणि मला दोन. दोघंही वाकून एकाच जागी बघत होतो.

चार निघाला.

"हा!" ते म्हणाले आणि त्यांनी शेडच्या भिंतीवर थाप मारली. मग माझा चेहरा बघून त्यांचा हात खाली आला. "तुम्हाला हे नको होतं का?"

मी त्यांना थोडक्यात सांगितलं. भाऊ, गाडी, दोनचा आकडा. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पण मॅम, हेड तर कुणीही बदलतं. खालचा मुख्य भाग, ब्लॉक, तोच असू शकतो. तुमच्या भावाला विचारा ना."

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. मला धीर नव्हता. घड्याळात सव्वादहा झाले होते, म्हणजे नागपूरला रात्रीचे पावणेनऊ. दादाचं जेवण झालेलं असेल, बातम्या चालू असतील. मी व्हिडिओ कॉल लावला.

"काय करून राहिली तू?" दादा म्हणाला. शनिवारी अवेळी फोन म्हणजे काहीतरी झालं असणार, अशा चेहऱ्यानं. "सगळे बरे आहेत ना?"

मी कॅमेरा इंजिनाकडे फिरवला.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाल्याचं ऐकू आलं.

"जवळ ने," दादा म्हणाला. "पाइप दाखव. हां. कोपरा पाहिलास?"

"चार आहे."

"हेड सोड. ब्लॉकच्या मागे जा. गिअरबॉक्स जिथे जोडतो तिथे, वरच्या बाजूला, पंचानं ठोकलेले आकडे असतील. कारखान्यात हातानं ठोकायचे, ओळ वाकडी असते. आधी साल, मग कारखान्याचं अक्षर, मग सहा आकडे. गाडीच्या चॅसी नंबरचे शेवटचे सहा."

"दादा, माझ्याकडे गाडीचे कागद नाहीत."

"मला पाठ आहे," तो म्हणाला.

सव्वीस वर्षांनंतर त्याला तो नंबर पाठ होता. मी ब्रश हातात घेतला पण काही वेळ मला समोरचं नीट दिसेना. त्या गृहस्थांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः धरला. "हॅलो, सर," ते पडद्यावरच्या दादाला म्हणाले.

आकडे गंजात बुडाले होते. दादा म्हणाला, "जास्त घासू नकोस, उथळ असतात. खडू असेल तर वरून फिरव." गृहस्थांनी कुठल्याशा खोक्यातून खडूचा तुकडा शोधून आणला. मी तो आडवा धरून फिरवला आणि बाजूचं बोटानं पुसलं. खोलगट जागांत पांढरं राहिलं.

"साल?" दादानं विचारलं.

"एक. म्हणजे एकाहत्तर."

"अक्षर?"

मी सांगितलं. तेच होतं. त्याचा श्वास मला ऐकू आला.

"पुढे. एक एक करून सांग."

"एक."

"हो."

"सात."

"हो."

"तीन."

"तीनच आहे का? आठ असेल, नीट बघ. गंजानं आठाचा तीन दिसतो."

मी पुन्हा खडू फिरवला. गृहस्थांनी टॉर्च तिरका धरला. मी नखानं कडा चाचपली. मला तो आठ हवा होता, फार हवा होता. पण डावीकडे धातू सपाट होता.

"तीन आहे, दादा."

"मग आपलं नाही," तो म्हणाला.

गृहस्थ म्हणाले, "मी आत आइस्ड टी करतो," आणि फोन माझ्या हातात देऊन निघून गेले. मी तिथेच एका उलट्या बादलीवर बसले. दादा पडद्यावर चष्मा काढून डोळे चोळत होता. त्याचे केस आता सगळे पांढरे आहेत. समोरासमोर भेटतो तेव्हा हे दिसूनही मनात जात नाही.

"मी तुला न विचारता विकली," मी म्हणाले. "मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तुला राग आला आणि तो तू कधी काढला नाहीस."

"गाडीचा राग नव्हता गं," दादा म्हणाला. "मी परत येणार नाही हे मला तुझ्या आधी कळलं होतं. मीच म्हणणार होतो, विकून टाक."

"मग?"

"मी दर रविवारी एसटीडी बूथवर जायचो. आईला नर्सकडे सोपवून. तुला विचारायचो, सुरू केली होती का? तू म्हणायचीस, हो, मस्त आवाज येतोय. एकदा म्हणालीस, आज पहिल्या स्टार्टला उचलली. मी ते घरी जाऊन आईला सांगायचो. तिला अर्धं कळायचं, अर्धं नाही. नंतर कळलं की तेव्हा गाडी नव्हतीच."

हे मी विसरले होते असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. विसरले नव्हते. गाडी गेल्यावरचे आठ-नऊ रविवार मी त्याला इंजिनाचा आवाज सांगितला होता. त्याच्या आवाजात दिवसभराचा थकवा असायचा आणि माझ्या उत्तरानं तो जरा हलका व्हायचा, म्हणून सांगितला. हे कारण खरं आहे, पण मी ते त्याला दिलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"हं," तो म्हणाला. 'जाऊ दे' म्हणाला नाही. मग म्हणाला, "त्या माणसाला सांग, चांगला ब्लॉक आहे. चारची हेडं आहेत, नीट गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांब म्हणावं. तू घेऊ नकोस."

"नाही घेत."

"आणि हात धू. तुझ्या नाकाला ग्रीस लागलंय."

गृहस्थांच्या स्वयंपाकघरात मी हात धुतले आणि नाक पुसलं. टेबलाशी बसून आम्ही चहा प्यायलो. भिंतींवरच्या तसबिरी उतरवलेल्या होत्या, त्यांच्या जागी फिकट चौकोन उरले होते. दादाचा निरोप सांगितल्यावर ते खूश झाले. मग त्यांनी विचारलं, "भावाला शेवटचं कधी भेटलात?"

"अडीच वर्षं झाली."

"त्याआधी?"

त्याआधीचं सांगताना माझ्या लक्षात आलं की मी भेटीचे सगळे दिवस मिळून मोजत होते. सव्वीस वर्षांत जेमतेम पाच महिने. मी ते त्यांना सांगितलं नाही. निघताना त्यांनी झाडाखालचे पिकॅन, अक्रोडाच्या जातीचे, पिशवीत भरून दिले आणि माझी गाडी वळेपर्यंत फाटकाशी उभे राहिले.

घरी पोचल्यावर नवऱ्यानं विचारलं, "सापडलं?" मी नाही म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं, रविवारच्या फोनांसकट. त्यालाही मी ते कधी सांगितलं नव्हतं.

मला वाटलं होतं की आता दादाचे फोन वाढतील. तसं झालं नाही. पुढचे तीन आठवडे काहीच आलं नाही. मी दोनदा लावला, तर वहिनीनं उचलला, इकडचं तिकडचं बोलली. मी कॅलेंडर काढून दिवाळीच्या सुट्ट्या बघितल्या, तिकिटं बघितली, आणि नवरा म्हणाला तू एकटी जाऊन ये, तर लगेच हो म्हणू शकले नाही. तिथे जाऊन दादाच्या समोर बसायचं या कल्पनेनं मला आनंद होत होता आणि भीतीही वाटत होती.

मग एका बुधवारी सकाळी आठला, मी ऑफिसच्या कॉलसाठी लॅपटॉप उघडत असताना, त्याचा व्हिडिओ कॉल आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. तो बाल्कनीत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून बसला होता. समोर त्याची जुनी स्कूटर, बाजूचं झाकण काढलेलं.

"कार्ब्युरेटर उघडतोय," तो म्हणाला. "रिटायर झालो तेव्हापासून म्हणत होतो. मोकळी आहेस का?"

"आहे," मी म्हणाले, आणि दुसऱ्या हातानं ऑफिसला मेसेज टाकला की मला तासभर जमणार नाही.

त्यानं फोन कुंडीला टेकवून ठेवला. मला त्याचे हात दिसत होते आणि अर्धा चेहरा. बोटं जाड झाली आहेत, एक अंगठा नीट वाकत नाही. मध्येच सवयीनं त्यानं हात मागे केला, तळवा उघडा. तिथे कुणी नव्हतं. त्यानं स्वतःच वळून पाना घेतला. ह्यूस्टनच्या आकाशात ढग भरून आले होते आणि त्याच्याकडे बाल्कनीतला दिवा लागला होता.

एक बारका स्क्रू त्याच्या हातातून निसटला. तो शोधायला वाकताना त्याचा धक्का लागून फोन उताणा पडला, आणि मला नुसतं बाल्कनीचं छत दिसायला लागलं. खाली कागद सरकल्याचा आवाज येत होता.

"थांब गं," तो म्हणाला. "इथेच कुठेतरी आहे."

"सावकाश," मी म्हणाले. "मी आहे."